झाकण फुगलं होतं

आधीच सांगून ठेवतो, माझा आवाज आता नाकातून येते. फोनवर बोललो की लोक विचारतेत, "सर्दी झाली का गा?" मी म्हणतो, हो. खरं सांगायले बसलो तर समोरच्याची दुपार जाते.

मी पंकज. नरखेड तालुक्यातल्या एका लहान गावचा, आता नागपुरात हुडकेश्वरले खोली करून राहतो. धंदा आवाजाचा. लग्नात माइक धरतो, गॅदरिंगमध्ये मिमिक्री करतो, प्रचाराच्या ऑटोवर वाजतेत तसल्या रेकॉर्डिंग करतो. शाळेत असताना एकदा हेडमास्तरच्या आवाजात व्हरांड्यातून ओरडलो, "सुट्टी!" अन् अर्धी शाळा घरी गेली. हेडमास्तरनं मले मारलं, पण मारता मारता त्याले हसू येऊन राहिलं होतं. आजवर मी आवाजावरच खाल्लं, मारही अन् भाकरही.

माझा आजार टिनाच्या बंद डब्यातल्या अन्नातून झाला. ह्याच आजारात माझे भाऊजी गेले. ज्याच्या घरी असा घरी भरलेला डबा आहे, अन् ज्याचा माणूस आयसीयूत नळ्या लावून पडला आहे, त्या दोघांसाठी हे लिहून राहिलो. डॉक्टरी मले समजत नाही, ती ह्यात शोधू नका.

ठासून भरलेला माल

तुरीच्या हिरव्या शेंगांतले दाणे म्हणजे सोले. थंडीत आमच्याकडे दोन महिने सोल्याची भाजी, सोल्याचा भात, सोल्याचे वडे. मग तूर वाळते अन् सोले संपतेत. माझ्या ताईच्या नवऱ्याले, विलासभाऊजीले, हेच पटत नसे. "मे महिन्यात पाहुणा आला अन् त्यानं सोले मांगले तर?" म्हणे. मे महिन्यात कोणताच पाहुणा सोले मांगत नाही, पंखा मांगते. पण भाऊजीले कोण समजवन?

त्यानं कुठून तरी डब्याले झाकण बसवायची हाताची जुनी मशीन आणली. हँडल फिरवलं की झाकण गच्च. सोले मीठपाण्यात शिजवायचे, डब्यात भरायचे, झाकण लावायचं अन् डबे मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तासभर उकळायचे. तासभर उकळलं की दुनियेतलं काहीही मरते, असं त्याचं म्हणणं. डब्यावर त्यानं कागद चिकटवले, "सुनंदाचे सोले". सुनंदा म्हणजे माझी ताई. ती लाजली, म्हणाली, "माहं नाव कायले? खराब निघाले तर लोक मले शिव्या देतीन." भाऊजी म्हणे, "तुह्या नावाचं काही खराब निघतच नाही."

थंडीभर त्यानं स्वतः डझनाने डबे फोडून खाल्ले. काही झालं नाही. मलेही दोन देल्ले. उन्हाळा लागला अन् त्यातल्या एकाचं झाकण वर आलं. मी फोन लावला.

"भाऊजी, तुमच्या डब्याले पोट सुटलं."

"अबे, ठासून भरला आहे! दुकानातले डबे पाह्य, अर्धं पाणीच. आपला माल भरलेला आहे, म्हणून फुगला."

"गॅसेस झाले असन त्याले."

"मंग तुह्यावरच गेला तो. खाय मुकाट्यानं."

उघडला तर फुस्स झालं. मी लगेच तोंडानं तसाच आवाज काढून पाह्यला, जमला. वास थोडा वेगळा होता, मले वाटलं पत्र्याचा असन. त्या दिवशी गॅस सिलेंडर संपलेलं, म्हणून सोले गरम केले नाहीत. कांदा, तिखट, वरून कच्चं तेल, अन् मेसच्या पोळ्या. सगळा डबा मी एकट्यानं संपवला.

डबा म्हणजे डबा

दुसऱ्या दिवशी दुपारी शोभाकाकू मेसचा डबा द्यायले आली तर दोन शोभाकाकू दिसल्या. मी म्हटलं, "काकू, बहीण आणली का?" ती हसली. मग मी डोळे चोळले, तरी दोनच. संध्याकाळपर्यंत तोंड असं कोरडं पडलं जसं कोणी आत पीठ टाकलं. पापण्या खाली येऊ लागल्या. दोस्त म्हणाले, "सकाळीच लावली का बे?"

रेकॉर्डिंगले बसलो तर जीभ जागेवर पोचेना. "ताई-माई-अक्का" एवढं सोपं वाक्य, ते कोणी उशी तोंडावर ठेवून बोलावं तसं निघालं. दोस्ताले वाटलं नवी मिमिक्री आहे. त्यानं टाळी वाजवली. मी त्याचा हात धरला तेव्हा त्याले कळलं.

दवाखान्यात माय गावाहून एसटीनं येईपर्यंत माझी मान उशीवरून उचलत नव्हती. ताप नाही, दुखणं नाही, डोकं साफ जागं. एक तरुण डॉक्टर बराच वेळ विचारपूस करत होता. माझ्यानं बोलवत नव्हतं, म्हणून मायले विचारलं, "ह्यानं डब्यातलं काही खाल्लं होतं का?"

माय म्हणाली, "डब्यातलंच तर खाते जी तो. रोज, दोन टाइम."

"कोणता डबा?"

"मेसचा. हुडकेश्वरच्या शोभाबाईचा."

डॉक्टरनं लिहून घेतलं. त्याचीही चूक नाही, मायचीही नाही. आमच्या भाषेत डबा म्हणजे डबा. शाळेचा डबा, मेसचा डबा, रेल्वेचा डबा. टिनात बंद केलेल्याले वेगळा शब्दच नाही. मलेही तेव्हा सुचलं नाही. इतकं छान लागलेलं जेवण माणूस गुन्हेगार म्हणून आठवत नाही.

छताकडे पाहून

मग श्वास कमी पडला अन् घशात नळी आली.

लोकांले वाटते व्हेंटिलेटरवरचा माणूस झोपलेला असते. मी पूर्ण जागा होतो. पापण्या उघडत नव्हत्या, हातपाय हलत नव्हते, फक्त उजव्या हाताचं पहिलं बोट थोडंसं उचलत होतं. कान मात्र फर्स्ट क्लास. सकाळी अंग पुसणं, मग कूस बदलणं, मग नळीतून कफ ओढणं. ते ओढताना वाटे की आतला जीवच ओढून राहिले. मी कितीही घाबरलो तरी बाहेरून काही दिसत नव्हतं. भीती वाटून राहिली हे कोणाले सांगता न येणं, ही भीतीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

एक रेखा सिस्टर होती. छत्तीसगडकडची, मराठी तोडकंमोडकं. ती दिवसातून चार-पाच वेळा माझी पापणी अंगठ्यानं हळूच उचले अन् म्हणे, "देख ले बेटा, दुनिया इधरिच है." तेवढ्यात मी छत, पंखा अन् तिची जांभई पाहून घेई. ती लागोपाठ डबल ड्यूटी करत होती.

तिसऱ्या दिवशी दाराबाहेर मायचा आवाज आला. शोभाकाकू भेटायले आली होती.

"काय खाऊ घातलं वं माह्या पोराले? शिळं घातलं ना?"

"नाही वो बाई. चाळीस पोट्टे तेच जेवले त्या दिवशी."

"मंग माह्यालेच काहून झालं?"

 काकूच्या चपला दूर जाताना ऐकू आल्या. नंतर कळलं, तिच्या मेसचे पोट्टे एकेक करून निघून गेले, अन् तिनं आठ दिवसांत चूल बंद केली. मले एवढंच वाटून राहिलं होतं की काकूनं काही केलं नाही. पण मग कोणी केलं, हे मले माहीत नव्हतं.

भाऊजी भेटायले आले

चौथ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडले आले अन् शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले. माझं इंग्रजी आमच्या गावच्या शाळेचं. "कॅन" म्हणजे "कॅन यू", एवढंच; टिनाच्या डब्यालेही कॅन म्हणतेत हे नंतर कळलं. डॉक्टर पुन्हा पुन्हा "कॅन, कॅन" म्हणून राहिले होते, अन् मी मनात म्हणून राहिलो, नो सर, आय कॅनॉट. मग एका पोरीनं मराठीत विचारलं, "सर, झाकण फुगलेलं असतं का?" डॉक्टर म्हणाले, "हो, बहुतेक वेळा."

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तो भेटीच्या वेळेले पडला.

भाऊजी आत आले. मी पाहू शकत नव्हतो, पण त्यांच्या तंबाखूच्या खाकऱ्यावरून ओळखलं. माझा हात हातात घेतला. भाऊजी रडून राहिले होते अन् मजाक पण करून राहिले होते.

"पंक्या, उठ बे. तुह्याविना घर म्हणजे मुका सिनेमा झाला. बरं ऐक. नागपूरचा एक व्यापारी येऊन राहिला उद्या दुपारी. सोले पाहायले. मी त्याच्यासमोर डबा फोडीन अन् पहिला चमचा स्वतः खाईन, म्हणजे त्याले भरोसा. तुले देल्ला होता ना, त्याच दिवशी भरलेला आहे. त्याचंही झाकण फुगलं आहे तुह्यासारखंच. ठासून भरलेला!"

झाकण फुगलं आहे. त्याच दिवशी भरलेला.

माझ्या अंगात जेवढी ताकद होती तेवढी मी बोटात आणली. बोट हललं. भाऊजी खुश झाले. "हललं! हललं गा!" म्हणाले, बोटाचा मुका घेतला, अन् वेळ संपली म्हणून निघाले. एसटी पकडायची होती.

चार अक्षरांचा खेळ

रेखा सिस्टरनं त्याच सकाळी माझ्यासाठी अक्षरांचा तक्ता करून आणला होता, एका पुठ्ठ्यावर, तिच्या हिंदीत. ती एकेक ओळ वाचे. बरोबर ओळ आली की मी बोट उचलायचं, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर, मग मात्रा. एका अक्षराले पाच मिनिटं लागत. मले माहीत होतं की माझं बोट, मात्रा धरून, फार तर चार अक्षरांपुरतं काम करीन.

काय लिहावं? "डबा" लिहिलं तर पुन्हा शोभाकाकूच फासावर. मी ठरवलं, "सोले". मायले सांगतलं की ती लगेच समजन.

स. मग ओ की मात्रा. मग ल. मग ए की मात्रा.

सिस्टरनं जोडून वाचलं. "सो… ले." मग थोडं थांबून पुन्हा, "सो ले?" अन् तिचा आवाज फुटला. "मेरे को बोल रहा है? अरे पगले! खुद मशीन पे पड़ा है अन् मेरी नींद की फिकर कर रहा?"

नाही. नाही. नाही. मी बोट उचललं. नाहीची खूण काय, हे ठरलेलंच नव्हतं. बोट उचललं म्हणजे हो.

ती रडली. माझ्या कपाळावरून हात फिरवला. शेजारच्या सिस्टरले बोलावून सांगतलं, "ये देख, बोलता है सो ले." मायले बाहेर जाऊन सांगतलं असतं तर माय समजली असती. पण भेटीची वेळ संपली होती, अन् सिस्टरची शिफ्टही. "मैं नहीं, तू सो ले," म्हणाली, भर दुपारी माझ्या बाजूचा पडदा ओढला अन् गेली.

मी आयुष्यभर लोकांचे आवाज चोरले. त्या दुपारी मले कोणाचाही आवाज चालला असता. कोंबड्याचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय आत आली तेव्हा ड्यूटीवरच्या दुसऱ्या सिस्टरनं तक्ता तिच्या हाती देल्ला. सोले लिहिलं तर पुन्हा "सो ले"च वाचतीन, म्हणून मी "टिन" लिहिलं. ती म्हणाली, "घरच्या छपराचं टिन? नाही उडालं राजा, तू फिकर नको करू." मग मी "भाऊजी" लिहिलं. बोट थकलं की थांबत, दुपारपर्यंत लिहिलं. अन् "फु". फुच्या पुढं बोट उचललंच नाही.

 "भाऊजी… टिन… फु…" मायनं तीन-चारदा म्हटलं. मग तक्ता खाली पडल्याचा आवाज आला. "सोल्याचा डबा! विलासचा डबा! डॉक्टरसाहेब!"

घड्याळ मले दिसत नव्हतं. नंतर मायनं सांगतलं, एक वाजून गेला होता. फोन ताईनं उचलला. व्यापारी लवकर आला होता. जेवून गेला, म्हणे. सोले त्यानं खाल्ले नाहीत, दात दुखून राहिला होता त्याचा. भाऊजीनं एक चमचा नाही, वाटीभर खाल्ले.

शेजारचा बेड

मायनं फोनवर सांगतलं तसं ताईनं त्याले तासाभरात गाडीत घातलं. भाऊजी रस्ताभर म्हणत होता, "मले काही झालं नाही वं, उगा भाडं कायले?" दवाखान्यात स्वतःच्या पायानं चालत आला. पहिल्या दिवशी खरंच ठीक होता. दुसऱ्या दिवशी त्याले दोन ताई दिसल्या. ह्या विषावरचं औषध असते, पण ते नागपुरात कुठंच नव्हतं. बाहेरून येऊन राहिलं होतं.

त्याले माझ्या शेजारच्याच बेडवर ठेवलं. मध्ये पडदा. दोन मशीन, दोघांचे श्वास. कधी बरोबर चालत, कधी मागंपुढं. तो आल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी त्याचं हृदय थांबलं. लोक धावले, बरंच काही झालं, मग सगळं हळू झालं. अन् मग एकाच मशीनचा आवाज उरला. माझ्या.

औषध त्याच संध्याकाळी आलं. ते मले देल्लं.

सरकारी माणसांनी गावातून बाकीचे डबे गोळा केले. वाटलेले, विकलेले, ताईच्या फळीवरचे. काही फुगलेले, काही दिसायले अगदी चांगले. बाकी कोणाले काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, तुझ्या बोटानं लोक वाचले. चांगल्या मनानं म्हणाले. मी ऐकून घेतलं.

वरणाचं पाणी

नळी निघाली तेव्हा पहिला आवाज निघाला तो बेडकाचा. खाली बसून "आ, ई, ऊ" म्हणायले शिकवायले एक मॅडम येत. माझ्यासारख्या माणसाले "आ" शिकवणं म्हणजे मासोळीले पाणी दाखवणं, पण आ येतच नव्हता. पाणी प्यालो तर नाकातून येई.

माय शोभाकाकूच्या घरी गेली. काय बोलली ते मले सांगतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी काकू आली, स्टीलच्या डब्यात वरणाचं पातळ पाणी घेऊन. माय बाजूले उभी, मान खाली. काकूनं चमचा माझ्या तोंडाजवळ आणला अन् मायकडे पाहून म्हणाली, "शिळं नाही बरं, आत्ताच केलं." मायनं डोळ्याले पदर लावला. काकू म्हणाली, "आता रडू नको वं, ह्याच्या घशात अडकन." मी चमचाभर पाणी गिळलं. दोन मिनिटं लागली. तीन महिन्यांनी मी त्यात पोळी बुडवून खाल्ली.

मग ठेवायचे कशात

मी गावाले आलो तेव्हा ताई एकच प्रश्न विचारून राहिली होती. लोकांले वाटे ती धक्क्यातून बाहेर आली नाही. मले वाटते ती कामाचंच विचारून राहिली होती.

"मंग सोले ठेवायचे कशात?"

शेतकी ऑफिसच्या एक मॅडम घरी आल्या. ताईनं विचारलं, "काचेच्या बाटलीत भरले तर?"

"बाटली बदलली म्हणून आतला जंतू बदलत नाही, ताई. त्याले हवा नसलेली जागा आवडते. साध्या उकळीनं त्याचं बी मरत नाही. फॅक्टरीत वाफेच्या दाबाखाली डबे शिजवतात, ते गंजात होत नाही."

"मंग ते प्लास्टिकचं पाकीट? हवा ओढून काढलेलं?"

"तिथंही हवा नाहीच ना."

"लोणचं मंग कसं टिकते?"

"ते आंबट, खारट. सोले आंबट नाहीत."

 ताई म्हणाली, "म्हणजे झाकण गच्च लावलं की आपण समजतो आत सगळं चांगलं आहे. अन् तेच चुकलं."

मॅडम म्हणाल्या, एकतर फ्रीजरमध्ये गोठवा, नाही तर वाळवा. गावात लाइट किती वेळ राहते ते सगळ्यांले माहीत आहे. म्हणून वाळवले. सोले उकळत्या पाण्यातून काढायचे, कापडावर पसरायचे, वरून जाळी. दाण्यावर दाणा टाकला की खडखडला पाहिजे, तोपर्यंत उन्हातून उचलायचे नाहीत. मग लहान कागदी पाकिटं, एका घरच्या एका भाजीपुरती. वर भरल्याची तारीख, अन् मोठ्या अक्षरात, "भिजवून चांगले उकळून खा". पावसाळ्यात कागद ओल धरते, म्हणून घरी स्टीलच्या डब्यात ठेवा, असं ताई प्रत्येकाले सांगते. ओलसर लागले तर फेका, हेही.

वाळल्यावर हिरवा रंग जाते. एक बाई म्हणाली, "टिनात कसे हिरवेगार दिसत होते वं. हे तर करडे आहेत."

ताई म्हणाली, "हिरवे पाहिजे असतीन तर थंडीत या."

पाकिटावर तिचं नाव नाही. भाऊजीचंही नाही. मी म्हटलं, लावायचं का? म्हणाली, "नको. ज्याले पाहिजे तो विचारीन."

तुमच्या घरी फुगलेला, गळका किंवा उघडताना फुस्स करणारा डबा असन तर चव पाहू नका. चमच्याच्या टोकानंही नाही. उघडलेला नसन तर उघडूही नका. अन् दवाखान्यात डॉक्टरनं "डब्यातलं" विचारलं तर आधी उलट विचारा, कोणता डबा जी?

निरोप

ताईले एक गोष्ट मी सांगतली नव्हती. की भाऊजी निघाला त्याच दुपारी मी "सोले"ची चार अक्षरं लिहिली होती, अन् ती कोणाले कळली नाहीत. मले वाटे, कळलं तर ती त्या एका दुपारीतच राहीन. मी राहिलो तसा.

मागच्या थंडीत आम्ही दोघं पाकिटं भरून राहिलो होतो. ती अचानक म्हणाली, "ती सिस्टर आता कुठं असते रे?"

"कोणती?"

"रडणारी. विलास गेले त्या दिवशी ती माह्या पायाशी बसली होती. ते "सो ले"चं सगळं सांगतलं तिनं मले. मी तिले काहीच बोलली नाही तेव्हा. सुचलंच नाही." तिनं पाकिटाचं तोंड दुमडलं. "दीड वर्ष झालं. ती अजून तिथंच बसली असन, पंक्या. लाव फोन."

नंबर मायकडे होता. मी लावला. चार रिंग झाल्या.

"हाँ, कौन?"

"सिस्टर, मी पंकज. हुडकेश्वरचा."

"कौन पंकज?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ह्या बाईनं महिनाभर माझ्या पापण्या उचलल्या, कफ काढला, कूस बदलली, पण माझा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. नळी निघायच्या आधीच तिची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली होती. मले मजाक सुचला नाही.

"आयसीयूमध्ये होतो. तुम्ही तक्ता केला होता, पुठ्ठ्याचा."

 तिकडं मागं कोणाची तरी ट्रॉली गेली. मग लय हळू आवाजात, "तू बोल रहा है?"

"हो, सिस्टर. नाकातून, पण बोलून राहिलो. माझ्या बाजूले ताई आहे. ती विचारून राहिली, वाळवलेले सोले पाठवले तर तुम्ही खासान का?"

ताई फोनकडे पाहत होती, हातात पाकीट तसंच. तिकडे सिस्टर रडून राहिली होती का, ते मले कळलं नाही. एवढं आवाजातलं कळणारा माणूस मी, पण कळलं नाही.

"भेज दे," ती म्हणाली. "पकाना कैसे है, वो भी बता दे."

"आधी भिजवायचे," मी सुरू केलं, "चांगले दोन-तीन घंटे. मग पाणी बदलून उकळायचे. जास्त उकळले तरी चालतेत." मध्ये ताईनं सांगतलं, आलं-लसूण घालायले सांग. ते सांगतलं. तिनं प्रत्येक शब्द पुन्हा म्हणून घेतला, लिहून घेत असन, अन् जिथं माझा आवाज कळला नाही तिथं थांबून विचारलं, अन् मी पुन्हा सांगतलं.